सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळत नाही? या चुका टाळा

क्षार-विश्लेषणाच्या प्रॅक्टिकलमधली नेहमीची तक्रार: हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पांढरा अवक्षेप (द्रावणातून वेगळा होऊन बसणारा घन पदार्थ) आला, अमोनिया घातला, तरी परीक्षानळी गढूळच. बहुतेक वेळा नमुना ठीक असतो. चुकतो तो नळीत मोकळा अमोनिया किती उरला, याचा अंदाज.

पाण्यात सिल्व्हर क्लोराइडची द्राव्यता जेमतेम ०.००००१३ मोलर (म्हणजे एका लिटरमध्ये इतके मोल). अमोनियाचे दोन रेणू एका सिल्व्हर आयनाला धरून संकुल (जोडून बनलेला विरघळणारा आयन) बनवतात, मोकळे सिल्व्हर आयन घटतात आणि ती तूट भरायला अवक्षेप विरघळत राहतो. १ मोलर अमोनियात द्राव्यता ०.०५ मोलरच्या आसपास पोचते, म्हणजे साडेतीन हजार पटींहून जास्त.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अवक्षेप न धुताच अमोनिया ओतणे. नळीत ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिली जरी राहिले, तरी २ मोलर अमोनियाचे ३ मिली त्यातच संपतात. त्यातून तयार होणाऱ्या अमोनियम आयनाकडे सिल्व्हरला द्यायला इलेक्ट्रॉनची जोडी उरलेली नसते. म्हणून वरचे द्रावण काढून टाका आणि अवक्षेप थंड पाण्याने दोनदा धुवा. लेडची शंका असेल तर आधी गरम पाण्याने लेड क्लोराइड काढून घ्या; ते अमोनियात विरघळत नाही. मग २ मोलर अमोनिया ५ मिली घालून हलवा. एवढ्यात साधारण ७० मिलिग्रॅम सिल्व्हर क्लोराइड विरघळते. २०० मिलिग्रॅम घेतले असेल तर कितीही हलवा, गढूळपणा राहणारच. नळी तापवू नका, अमोनिया उडून जातो. सैल बुचाच्या जुन्या बाटलीतही हीच गत.

अवक्षेप आणतानाही हात आवरा. क्लोराइड जास्त म्हणजे अवक्षेप जास्त, हे एका मर्यादेपर्यंतच खरे. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात सिल्व्हर आणि लेड दोघांचेही क्लोराइड-संकुल बनते आणि आलेला अवक्षेप पुन्हा विरघळू लागतो. विरल आम्ल थेंबाथेंबाने घाला.

पिवळट अवक्षेप असेल तर अपेक्षा बदला. सिल्व्हर ब्रोमाइड विरल अमोनियात फारच कमी, संहत अमोनियात बऱ्यापैकी विरघळते. आयोडाइड जवळजवळ नाहीच, कारण त्याचा द्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातील दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार) इतका लहान आहे की अमोनियाचे संकुल त्याच्यापुढे कमी पडते.

खात्रीसाठी विरल नायट्रिक आम्ल घातल्यावर पांढरा अवक्षेप परत यायला हवा. आला नाही, तर बहुधा आम्ल अपुरे आहे: २ मोलर अमोनिया ५ मिली असेल तर २ मोलर आम्ल ५ मिलीपेक्षा जास्तच लागते. निळा लिटमस लाल होईपर्यंत आम्ल घालत राहा.

गणितातली चूक छोटी, पण गुण घालवणारी: विरघळलेल्या प्रत्येक मोलमागे २ मोल अमोनिया वजा करा. ते विसरलात तर वरच्या उदाहरणात उत्तर ०.०५ ऐवजी ०.०५५ येते.

आणि अमोनियायुक्त सिल्व्हरचे द्रावण कधीही साठवू नका. ठेवून दिल्यास त्यात स्फोटक काळा साका बसू शकतो. काम झाल्याबरोबर ते आम्लयुक्त करा आणि सिल्व्हरच्या कचऱ्याच्या बाटलीत टाका.