पहिले पॉइंट टू टू पिस्तूल निवडताना

दहा मीटर एअर पिस्तुलावर दोन-तीन वर्षे घालवून पंचवीस मीटरकडे, म्हणजे पॉइंट टू टू (०.२२ इंची) काडतुसांच्या पिस्तुलाकडे वळणाऱ्या साताऱ्यातील मुली माझ्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात, "ताई, कोणत्या कंपनीचे घेऊ?" मी त्यांना आधी हात पुढे करायला सांगते आणि तळव्याची रुंदी पाहते, तेव्हा त्यांचा थोडा हिरमोड होतो. मीही कधीकाळी हाच प्रश्न विचारला होता आणि कंपनीच्या नावावर वर्षभर अडून बसले होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

महिलांच्या पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारात ६० शॉट असतात. पहिले ३० प्रिसिजनचे, म्हणजे सावकाश नेम धरून मारायचे. त्यांत पाच शॉटला पाच मिनिटे मिळतात आणि एअर पिस्तुलाची शिस्त तेथे बरीचशी कामी येते. उरलेले ३० रॅपिडचे, म्हणजे झटपट मारायचे असतात आणि पिस्तुलाची खरी परीक्षा तेथे होते, कारण लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर असते, त्यानंतर ७ सेकंद नसते, आणि प्रत्येक वेळी खाली झुकवलेला हात वर आणून एकच गोळी झाडायची असते. रॅपिडच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, म्हणजे प्रिसिजनच्या दुप्पट मोठे असते हे खरे. परंतु हात वर आल्यावर जर फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) शोधावी लागली, तर निम्मा वेळ शोधण्यातच जातो. म्हणून पिस्तूल आपण होऊन डोळ्यांसमोर नीट आले पाहिजे, आणि ते काम ग्रिपचे, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीचे असते.

हे मला पुण्यातील बालेवाडीच्या रेंजवर एका सकाळी कळले. मी क्लबचे जुने वॉल्थर जीएसपी वापरत होते आणि रॅपिडमध्ये माझे शॉट सतत उजवीकडे जात होते. सरांनी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घेतली, मला लक्ष्याकडे तोंड करून डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "हात वर आण, थांब, आता डोळे उघड." फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेच्या उजव्या कडेला चिकटलेली होती. दहा वेळा केले, दहाही वेळा तेच. ग्रिप माझ्या हातापेक्षा मोठी होती, तळव्याच्या पोकळीत हवा राहत होती आणि मी मनगट वळवून ती चूक नकळत सावरत होते. प्रिसिजनमध्ये सावरायला वेळ मिळत असल्याने ती दिसतच नव्हती. सरांनी लाकडाच्या ग्रिपवर थोडी वुड पुटी लावली, ती वाळल्यावर मी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन थोडे घासायचे, पुन्हा डोळे मिटून हात वर आणायचे, पुन्हा घासायचे, असे तीन रविवार गेले. त्यानंतर साइट मधोमध येऊ लागली. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की डोळे मिटून केलेली ही चाचणी ज्या पिस्तुलावर थोड्या फेरफारात जमते, तेच आपले; मग त्यावर नाव वॉल्थरचे असो, पार्डिनीचे असो किंवा फाइनवेर्कबाऊचे असो. ग्रिप छोट्या, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि डाव्या हातासाठी वेगळ्या मिळतात, हे विक्रेत्याला विचारायला मात्र विसरू नये.

पार्डिनी एसपी, जीएसपी यांसारख्या पिस्तुलांत मॅगझिन (काडतुसे भरण्याची डबी) ट्रिगरच्या पुढे असते, त्यामुळे वजन पुढे राहते आणि ग्रिपला आकार देण्यास मोकळीक मिळते. मॅगझिन मुठीत जाणाऱ्या पिस्तुलांत ती मोकळीक कमी असते. वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम आहे, परंतु मर्यादेपर्यंत जड पिस्तूल घेण्याची हौस नवख्या खांद्याला तिसाव्या शॉटनंतर महागात पडते. ट्रिगरचे वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम असावे लागते. एअर पिस्तुलाच्या ५०० ग्रॅमची सवय असलेले बोट येथे पूर्ण मूठ आवळू लागते आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट डावीकडे खाली जातात. तेवढ्यावरून पिस्तुलाला दोष देऊन ते बदलणारेही मी पाहिले आहेत.

काडतुसांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. पॉइंट टू टूची काडतुसे रिमफायर असतात, म्हणजे त्यांत स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत असते आणि ती कड बाहेर आलेली असते. मॅगझिन घाईत भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर काडतूस पुढे सरकत नाही. एका स्पर्धेत रॅपिडच्या पाच-पाच शॉटच्या मालिकांपैकी दुसऱ्या मालिकेत माझे नेमके हेच झाले. तिसऱ्या शॉटनंतर पुढचे काडतूस चेंबरच्या तोंडाशी तिरके अडकले आणि मी सवयीने स्लाइड ओढली. ती वेळ पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने तसेच धरून डावा हात वर करण्याची होती. तसे केले असते, तर मालफंक्शन, म्हणजे पिस्तुलातील बिघाड, ग्राह्य धरले जाऊन उरलेले शॉट पूर्ण करण्याची संधी मिळाली असती. मी यंत्रणेला हात लावल्याने ती गेली आणि दोन शून्ये गुणपत्रकावर राहिली. म्हणून पिस्तूल पसंत करण्यापूर्वी ज्या काडतुसांचा पुरवठा आपल्याला नियमित होणार आहे, त्यांच्याच दोन-तीन पेट्या त्यातून झाडून पाहाव्यात. ही पिस्तुले बहुतेक स्टँडर्ड वेगाच्या काडतुसांसाठी बनवलेली असतात. हाय व्हेलॉसिटी काडतुसे त्यांत वापरू नयेत.

परवान्याची वाट लांब आहे. एअर पिस्तुलाला परवाना लागला नाही म्हणून येथेही चालून जाईल, असे समजू नये. आपल्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नसल्याने अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांकडून चौकशी होते, आणि एकवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सर्वसाधारण परवाना मिळत नाही. तोपर्यंत प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबच्या पिस्तुलावरच सराव करावा. मला हा काळ फुकट गेल्यासारखा वाटत असे, परंतु क्लबच्या कपाटातील चार वेगवेगळी पिस्तुले हाताळायला मिळाली ती याच काळात. जुने पिस्तूल विकत घेताना विक्रेत्याचा परवाना, पिस्तुलावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक समोरासमोर ठेवून जुळवावेत, आणि हस्तांतराचा व्यवहार कार्यालयाला कळवल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

साताऱ्याहून बालेवाडी गाठायची म्हणजे खंबाटकी ओलांडून शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते आणि तेही बहुधा रविवारीच जमते, त्यामुळे आठवड्यातील उरलेले सहा दिवस घरी काढावे लागतात. मी रिकाम्या एअर पिस्तुलाने भिंतीवरच्या कागदाकडे हात वर आणण्याचा सराव करायचे. आई स्वयंपाकघरातून सेकंद मोजायची, आणि तिचा तिसरा सेकंद नेहमी थोडा लवकर यायचा.