घाम, ऊन आणि मोरपंखी लायनर: मेकअप शिकणाऱ्या नवीन मुलींसाठी थोडं अनुभवाचं

कोर्स करणाऱ्या किंवा करायच्या विचारात असलेल्या मुली मला नेहमी विचारतात, ताई ब्रायडल तर सगळीकडेच शिकवतात, पण हे रंगीत आय लुक्स कुठे शिकायचे आणि ठाण्यात त्याला कोणी पैसे देतं का? देतात, आणि आनंदाने देतात. पाडव्याची स्वागतयात्रा, मग एप्रिल-मेमधली लग्नं, त्यात मेंदी, हळद, संगीत, शिवाय डान्स क्लासची गॅदरिंग्ज आणि प्री-वेडिंग शूट, या सगळ्यात मुलींना डोळ्यांवर रंग हवा असतो. फक्त ते काम भर उन्हाळ्यात करायचं असतं आणि बऱ्याच नवीन मुली तिथेच अडकतात, कारण सराव केलेला असतो एसीत, रिंग लाईटसमोर, स्वतःच्या एकाच डोळ्यावर.

माझं अगदी ठाम मत आहे की ब्राइट आय मेकअप धाडसावर किंवा महागड्या पॅलेटवर अवलंबून नसतो, तो बेसवर आणि रंग कुठे ठेवताय त्यावर अवलंबून असतो. पापणीची त्वचा खूप पातळ असते, दिवसभर उघडझाप चालू असते, वरून तेल आणि घाम, त्यामुळे तिथे जाड कन्सीलर लावला की तासाभरात तो घडीत गोळा होतो आणि रंग त्याच्यासोबत जातो. म्हणून आधी पापणी टिश्यूने कोरडी करा, प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) किंवा मॅट कन्सीलर मुगाच्या दाण्याएवढा घ्या, दोन्ही डोळ्यांना तेवढाच पुरतो, बोटाने थापत थापत लावा, आणि तो किंचित चिकट असतानाच रंग दाबून बसवा. चोळायचं नाही, दाबायचं. फ्लॅट ब्रशने दाबलेला टील, म्हणजे हिरवट निळा, आणि फ्लफी ब्रशने फिरवलेला तोच टील शेजारी शेजारी बघा, वेगवेगळ्या पॅलेटमधले वाटतील. फ्लफी ब्रश फक्त कडा विरघळवायला.

आता रंग कुठले, तर इथे आपल्या त्वचेचा विचार आधी. बाहेरच्या व्हिडिओतले फिके लॅव्हेंडर आणि मिंट आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर नुसते लावले की राखाडी दिसतात. खाली पांढरी पेन्सिल लावून ते उठवता येतात पण घामात ती आणखी एक लेयर सांभाळत बसावी लागते, मी उन्हाळ्यात ते टाळते. साडीच्या दुकानातले रंग डोळ्यासमोर आणा ना, राणी, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, झेंडू पिवळा, हे सगळे आपल्या रंगावर पहिल्या हाताला उठतात. त्यात आपल्या बहुतेकांचे डोळे तपकिरी, आणि निळ्याच्या कुठल्याही छटेने तपकिरी डोळा जास्त गडद आणि टवटवीत दिसतो कारण कलर व्हीलवर निळ्याच्या समोर केशरी येतो आणि तपकिरी हा केशरीचाच गडद भाऊ. म्हणून नवीन मुलींना मी पहिला रंगीत लुक निळ्या किंवा मोरपंखी लायनरचाच करायला सांगते.

तो लुक असा. पापणीवर अबोली रंग, मॅट, अगदी घडीपर्यंतच. घडीच्या वर फिकट पीच-ब्राउन, म्हणजे कडा कापल्यासारखी दिसत नाही. मग वरच्या पापणीच्या केसांना अगदी लागून मोरपंखी जेल पेन्सिल, बाहेरच्या कोपऱ्यात छोटीशी शेपटी, आणि तोच रंग खालच्या पापणीला बाहेरून फक्त एक तृतीयांश. जेल पेन्सिल लावल्यावर अर्धा-एक मिनिट डोळा मिटून ठेवायला सांगा, ती एकदा बसली की मग हलत नाही. आतल्या कोपऱ्यात झेंडू पिवळ्याचा एक ठिपका. मस्कारा काळा, वॉटरप्रूफ. काजळ नको, वॉटरलाइन म्हणजे पापणीची आतली ओली कड मोकळी ठेवा, उन्हाळ्यात काळं काजळ खाली उतरून सगळा रंग मळकट करतं. पाण्याने ओले करून लावायचे ते निऑन लायनरचे केक व्हिडिओत भारी दिसतात पण घाम म्हणजे पाणीच, ते परत ओले होतात, एसी स्टुडिओतल्या शूटला ठीक, टेरेसवरच्या हळदीला अजिबात नाही.

हळदीचं निघालंच आहे तर, पिवळा ड्रेस म्हणून पिवळी आयशॅडो करू नका. चेहऱ्यावर हळद लागली की तो पिवळा कुठे गेला ते फोटोत शोधावं लागतं. तिथे राणी किंवा मोरपंखी हवा. मात्र राणी आणि जांभळ्यातले काही पिगमेंट पापणीवर डाग ठेवतात, दुसऱ्या दिवशी लग्न असेल तर नवरीच्या डोळ्यावर राणी नको, करवल्यांवर करा. आणि काढताना ऑइल बेस्ड रिमूव्हरचा कापूस डोळ्यावर थोडा वेळ नुसता ठेवायचा, मग खाली ओढायचा, घासायचं नाही.

स्वतःच्या डोळ्यावर सराव करून आर्टिस्ट होता येत नाही हे मी प्रत्येकीला सांगते. आई, आत्या, शेजारच्या काकू, यांना बसवा. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू माझ्या नेहमीच्या मॉडेल, त्यांची पापणी वरून झाकलेली, ज्याला हूडेड म्हणतात. डोळे मिटलेले असताना केलेला रंग त्यांनी डोळे उघडले की पूर्ण गायब. काकू आरशात बघून म्हणाल्या, "अगं, केलंयस कुठे? मला तर काहीच दिसत नाहीये." तर अशा डोळ्याला समोर सरळ बघायला सांगायचं, डोळा उघडा असतानाच खऱ्या घडीच्या थोडं वर पेन्सिलने खुणेचे ठिपके ठेवायचे आणि रंग तिथपर्यंत चढवायचा. मिटल्यावर तो जास्त उंच वाटतो, वाटू दे, लोक उघडे डोळेच बघतात. पन्नाशीच्या पुढच्या पापणीवर शिमर सुरकुतीत चमकतो म्हणून मॅट घ्या, पण रंग कमी करू नका, "या वयात कुठे" असं काकू म्हणतात आणि मग चिंतामणी लायनर लावून लेकीला फोटो पाठवतात.

आणि लुक झाला की लगेच फोटो काढून मोकळं होऊ नका. मॉडेलला दुपारी गोखले रोडवरून चालवून आणा, तलावपाळीला चक्कर मारा, जमलं तर गर्दीच्या लोकलमधून मुलुंडपर्यंत जाऊन या, आणि मग खिडकीजवळच्या उजेडात बघा घडीत काय झालंय, लायनर खाली छापलंय का. जो लुक ठाण्याच्या मे महिन्यात तीन-चार तास टिकला तोच क्लायंटला दाखवायचा. पाडव्याची स्वागतयात्रा तर यासाठी उत्तम, सकाळचं ऊन, नऊवारी, नथ, वर गॉगल, तासन्तास चालणं, मैत्रिणींचे मेकअप करून द्या आणि दुपारी परत आल्यावर एकेकीचे डोळे जवळून बघा, एवढं कुठला क्लास शिकवणार नाही.

सामानाचं थोडक्यात. सुरुवातीला एक चांगलं रंगीत मॅट पॅलेट, तीन-चार जेल पेन्सिली, तीन ब्रश, बास. जांभळी नाका, उल्हासनगर, क्रॉफर्ड मार्केट इथे स्वस्त मिळतं पण डोळ्यांचं घेताना बॅच नंबर, एक्सपायरी, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर आणि बाहेरचा माल असेल तर इम्पोर्टचा रजिस्ट्रेशन नंबर बघितल्याशिवाय घेऊ नका. निऑनच्या बाबतीत तर बॉक्सवरची बारीक अक्षरं वाचाच, बऱ्याच पॅलेटवर काही शेड डोळ्यांभोवती वापरू नका असं लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने तर एकाही फ्लोरोसंट रंगाला डोळ्यांजवळ परवानगी दिलेली नाही. क्राफ्टच्या दुकानातलं ग्लिटर पापणीवर कधीच नाही, त्याच्या कडा धारदार असतात, डोळ्यात गेलं तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. मस्काराची कांडी प्रत्येकीला नवीन डिस्पोजेबल आणि ती परत ट्यूबमध्ये घालायची नाही, पेन्सिल प्रत्येक वेळी शार्प करायची, डोळे आलेली क्लायंट असेल तर प्रेमाने नाही म्हणायचं. लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालायची. लॅशेसच्या गमची पॅच टेस्ट आदल्या दिवशी.

शिकायचं कुठे, तर सरकारी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीनंतर करता येतो आणि फी खाजगीच्या मानाने खूपच कमी, त्यात स्किन-हेअरचा पाया पक्का होतो. खाजगी अकॅडमीची फी काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते, भरण्याआधी एकच विचारा, मी स्वतः किती वेगवेगळ्या माणसांच्या डोळ्यांवर हात चालवणार? उत्तर गोलमोल आलं तर निघा. त्यापेक्षा एखाद्या कामसू आर्टिस्टच्या हाताखाली एक सीझन असिस्ट करा.

घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंग्ज चालतात, तिकडे जायची ज्यांची इच्छा आहे त्यांनी हे माहीत करून घ्या की आपल्या इंडस्ट्रीत बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून युनियनचं कार्डच मिळत नव्हतं, फक्त हेअर ड्रेसरचं मिळायचं. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना आणि बाकीच्या काही जणी सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ ला कोर्टाने ही बंदी बेकायदा ठरवली. म्हणजे अगदी अलीकडची गोष्ट आहे ही. सेटवर रंगीत डोळ्यांचं काम रोज नसतं, पण तुमचा हात किती साफ आहे ते पोर्टफोलिओतल्या रंगीत डोळ्यांवरूनच कळतं, त्यामुळे पोर्टफोलिओत फिल्टर नसलेला, दिवसाच्या उजेडातला, डोळा उघडा आणि मिटलेला असे दोन्ही फोटो ठेवा, आणि त्याच लुकचा चार तासांनंतरचा तिसरा.