लिंक पाठवण्याआधी: ऑनलाइन स्टेअरकेस प्रयोगाची तयारी

स्टेअरकेस म्हणजे उत्तर बरोबर-चूक येईल तसं काम अवघड-सोपं करत सहभागीचा थ्रेशोल्ड (जेमतेम ओळखता येईल अशी पातळी) शोधणारी पद्धत. सगळ्यात आधी खोटा सहभागी तयार करा: ज्याचा थ्रेशोल्ड तुम्हीच ठरवलाय असा दहा-पंधरा ओळींचा कोड. तो स्टेअरकेसवर शंभरेक वेळा चालवा. सलग दोन बरोबर उत्तरांवर अवघड, एका चुकीवर सोपं, हा नियम 70.7 टक्के बरोबर उत्तरांपाशी स्थिरावतो. तीन बरोबर-एक चूक असेल तर 79.4 पाशी. आकडा तिथं येत नसेल तर चूक कोडमध्ये आहे. क्वेस्ट (आधीच्या उत्तरांवरून पुढची पातळी गणितानं ठरवणारी पद्धत) वापरत असाल तर त्याचा थ्रेशोल्ड लॉगरिदममध्ये असतो हे ध्यानात ठेवा. तो तसाच कॉन्ट्रास्ट म्हणून वापरला की गोंधळ ठरलेला. दोनातून एक निवडायचं असेल तर क्वेस्टमध्ये अंदाजाचा दर 0.5, पातळीनुसार बरोबर उत्तरं वाढत जाणाऱ्या वक्राचा उतार 3.5. चुकून दाबलेल्या बटणांच्या दरासाठी मात्र नेहमीचा 0.01 पुरत नाही. घरी बसलेला माणूस फोन वाजला की तिकडं बघतोच, म्हणून 0.03 तरी धरा.

कॉन्ट्रास्टचाच प्रयोग असेल तर इथं थांबून विचार करा. साध्या पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या. मधल्या करड्यापासून एक पायरी म्हणजे जवळपास 0.8 टक्के कॉन्ट्रास्ट, आणि चांगल्या डोळ्याचा थ्रेशोल्ड तिथंच आसपास असतो. स्टेअरकेस 0.003 (म्हणजे 0.3 टक्के) मागतो, पडद्यावर नुसता करडा चौकोन दिसतो, सहभागी अंदाज मारतो. प्रतिमेत बारीक यादृच्छिक नॉइज मिसळा. नाहीतर कॉन्ट्रास्ट भरपूर ठेवून तिरकेपणाचा कोन मोजा. ऑनलाइनसाठी आमची पसंती दुसऱ्याला. ब्राइटनेस आणि नाइट लाइटचा त्रास त्यात कमी होतो.

आकारासाठी एटीएम कार्ड पडद्यावर धरायला लावून चौकोन जुळवून घ्या. कार्डाची रुंदी 85.6 मिमी. मध्येच ब्राउझरचा झूम बदलला तर ही जुळवणी बाद, तेव्हा झूमवर नजर ठेवणारी ओळ हवीच. पडद्याचा वेग (सेकंदाला किती फ्रेम) सुरुवातीलाच मोजा: 100 मिलिसेकंद 60 हर्ट्झवर सहा फ्रेम होतात, 144 वर पूर्ण आकड्यात बसत नाहीत.

राजारामपुरीतल्या खोलीपासून गडहिंग्लजच्या घरापर्यंत अनेकांच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये J ची कळ दाबली की र येतो, आणि अक्षर तपासणारा प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसतो. अक्षर नको, कळीची जागा तपासा. मोबाइलवर कळ नसतेच. तिथं पडद्यावर बटणं द्या, किंवा मोबाइल सरळ बंद ठेवा.

सराव वेगळा घ्या, सोप्या पातळीवर, आणि आठपैकी सात बरोबर आल्याशिवाय पुढं सोडू नका. पहिल्या पाच ट्रायलमध्ये (एक ट्रायल म्हणजे एकदा दाखवणं आणि एक उत्तर) दोन चुका झाल्या की स्टेअरकेस वर भटकतो आणि खाली यायला वेळ लागतो. दर दहा ट्रायलमागे एक अगदी सोपी ट्रायल ठेवा. तीच चुकत असेल तर तो डेटा बाजूला.

लाईट गेली की लॅपटॉप चालू राहतो, वायफाय जातं. म्हणून प्रत्येक ट्रायल आधी ब्राउझरमध्येच साठवा, नेट आलं की पाठवा. सीएसव्ही यूटीएफ-8 मध्ये, सुरुवातीला बॉम (फाइल यूटीएफ-8 आहे हे सांगणारी खूण) घालून. नाहीतर एक्सेलमध्ये मराठी उत्तरांची भलतीच चिन्हं होतात.