पेट्रोलच्या झाकणाला नवा साज

कारच्या इंधन टाकीच्या तोंडावरचं बाहेरचं झाकण सजवायचं तर बाजारात दोन प्रकार मिळतात: मूळ झाकणावर चिकटवायचं कव्हर आणि झाकणच बदलणारा पूर्ण सेट. गाडी जुनी असेल तर मी कव्हरच घेतो. बिजागरी सुखरूप राहते, आणि चारचौघांत फरक कोणाला कळतो?

कव्हर आधी न चिकटवता नुसतं ठेवून बघा. झाकण उघडताना त्याची कड बॉडीला घासत असेल तर ते परत करा. कानस मारत बसू नका. जागा जमली की चारी बाजूंना मास्किंग टेपच्या खुणा करा.

खरं काम सफाईचं. शाम्पूने धुतलं तरी वॅक्सचा थर राहतोच, आणि दुहेरी टेपचा तोच शत्रू. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग बोट लावू नका. गारठ्यात टेप धरत नाही, म्हणून हेअर ड्रायरने पत्रा कोमट करा. खुणांवर कव्हर टेकवा आणि अर्धा मिनिट तळव्याने दाबून धरा. पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात. तोवर प्रेशर वॉशर दूर ठेवा.

पूर्ण सेट असेल तर इंधनाच्या तोंडाचं बूच घट्ट लावून खाली फडकं अंथरा, स्क्रू हमखास निसटतो. रबरी बफर जुन्यावरून काढून नव्याला लावा, नाहीतर झाकण खडखडतं. आतलं इंधनाचं स्टिकरही नव्यावर हवंच. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं तर सगळी हौस फिटते.