वाटप आधी, भात नंतर: वजन उतरवताना आठवड्याच्या जेवणाची आखणी

वजन कमी करायचे ठरले की कोकणातील घरांत पहिली कुऱ्हाड भातावर पडते आणि वाटपाकडे, म्हणजे भाजलेल्या ओल्या खोबऱ्याच्या वाटणाकडे, कोणाचेही लक्ष जात नाही. शिजलेल्या 100 ग्रॅम भातातून सुमारे 130 कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच ओल्या खोबऱ्यातून सुमारे 350. त्यामुळे भाताची मूद निम्मी करून उसळीत वाटप सढळ हाताने घातले, तर हिशेब जिथल्या तिथे राहतो. आखणीची सुरुवात म्हणूनच नारळापासून करावी. माणशी दिवसाला 20 ग्रॅम ओले खोबरे धरावे, चौघांसाठी 80 ग्रॅम तोलून कांदा-धणे-मिरचीसह भाजून वाटावे आणि एका दिवसाचा एक गोळा अशा रीतीने ते फ्रीजरमध्ये ठेवावे. गोळा संपला की त्या दिवसाचे खोबरे संपले, एवढाच नियम पाळावा. सोलकढीही याच मापात बसवावी लागते. रोजच्या जेवणात नारळाचा रस न घालता केलेली फुटी कढी घ्यावी, तिची चव काही कमी प्रतीची नसते.

त्यानंतर वारांचा तक्ता मांडावा. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी हे मासे-मटण न खाण्याचे दिवस ज्या घरांत पाळले जातात, तिथे बेत बिघडतो तो बहुधा याच दिवशी, कारण आयत्या वेळी साबुदाण्याची खिचडी किंवा बटाट्याची भाजी हाच पर्याय उरतो. उपवास नसेल तर सोमवारच्या उसळीसाठी कुळीथ शनिवारी रात्री भिजत घालावेत, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधावेत, म्हणजे सोमवारी मोड तयार मिळतात; गुरुवारसाठी हेच काम मंगळवारी रात्री करावे. काळ्या वाटाण्यांना मात्र आदल्या रात्रीचे भिजवणे पुरते. उपवासच असेल तर वरीचे तांदूळ मोजून शिजवावेत आणि सोबत ताक व काकडी ठेवावी. शेंगदाण्याच्या आमटीने पुन्हा तेलबियांचीच भर पडते.

मासळीच्या बाबतीत खरेदी आणि साठवण यांकडे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते. बांगडा ऊन खात पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्याने नाहीसे होत नाही, म्हणून बाजारातून थेट घरी येऊन तो लगेच साफ करावा, हळद, मीठ व कोकमाचे आगळ लावावे आणि एका जेवणाला लागतील तेवढ्याच तुकड्यांचे पसरट डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवावेत. पसरट डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभरात विरघळतो. एकदा विरघळलेली कच्ची मासळी पुन्हा गोठवू नये. रवा लावून तळणे आठवड्यातून एकदाच ठेवावे, कारण एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. एरवी तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले करावे. त्याला वाटपाची गरज भासत नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तक्ता बदलावा. सुकट आणि सुके बोंबील हाताशी असतात, पण सुक्या मासळीत मीठ बरेच असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, तेव्हा सुकी मासळी भिजवून दोनदा धुवावी आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. उरलेले दिवस अंडी, मूग आणि कुळथाची पिठी यांवर भागवावेत, जोडीला टाकळा व अळू भरपूर घ्यावा. पावसात वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे या दोन महिन्यांत फ्रीजर भरून ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. वाटपाचे गोळेही दोन-तीन दिवसांपुरतेच करावेत. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाताचे प्रमाण घटवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.