संध्यामठ कागदातून : कोलाज कसे करावे

कोलाज म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेले चित्र. ते करायला बसलेला नवखा माणूस बहुधा आधी आवडलेली चित्रे कापून ठेवतो आणि मग ती एकत्र कशी बसवायची या विचारात पडतो. फूल, पक्षी, नटाचा चेहरा, देवळाचे शिखर असे सगळेच एकमेकांवर कुरघोडी करू लागतात आणि चित्र काही घडत नाही. म्हणून कागदावर काय छापले आहे हे नंतर पाहावे; तो किती गडद आहे, किती उजळ आहे आणि त्याची कड कशी निघते, हे आधी पाहावे. कोलाज उभे राहते ते या गोष्टींवर. येथे उदाहरणासाठी कोल्हापूरकरांच्या रोजच्या पाहण्यातला एकच विषय घेतला आहे, रंकाळा तलावाच्या पाण्यातील संध्यामठ ही दगडी वास्तू. काळा दगड, पाणी आणि आकाश असे तीनच मोठे भाग असल्यामुळे पहिल्या प्रयत्नासाठी तो फार सोयीचा आहे.

कागद जमवणे

घरची रद्दी, जुन्या लग्नपत्रिका, दिनदर्शिकांची पाने, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे, शिंप्याकडच्या चिंध्या एवढे पुरेसे आहे. ओळखीच्या छापखान्यात विचारले तर कटिंगमधून उरलेल्या रंगीत पट्ट्याही मिळतात. दुकानातील मशिनमधून निघणारी गुळगुळीत बिले मात्र घेऊ नयेत, कारण त्यांवरची अक्षरे उष्णतेने आणि प्रकाशाने उडून जातात. वर्तमानपत्राचा कागदही लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे उन्हात लवकर पिवळा पडतो. चित्र टिकवायचे असेल तर त्या पानाची चांगल्या कागदावर झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट काढून ती वापरावी. इंकजेटची शाई ओल्या डिंकाने पसरते.

जमलेल्या कागदांचे विषयानुसार नव्हे, तर उजळ, मध्यम आणि गडद असे तीन गठ्ठे करावेत. लाल आणि हिरव्या रंगांबाबत डोळा हमखास फसतो. अशा वेळी मोबाईलवर त्या कागदांचा कृष्णधवल फोटो काढला की कोणता तुकडा कोणत्या गठ्ठ्यात जातो हे लगेच कळते.

मांडणी

पाया म्हणून माउंट बोर्ड किंवा जाड ग्रे बोर्ड घ्यावा. साध्या ड्रॉइंग पेपरवर काम केले तर तो डिंकाच्या ओलाव्याने हमखास वळतो. बोर्डावर पेन्सिलने फक्त तीन रेषा काढाव्यात: पाण्याची कड, मठाची बाह्यरेषा आणि समोरच्या काठावरील झाडांची रांग. पाण्याची कड बरोबर मध्यावर आणू नये. पाण्याला दोन तृतीयांश जागा दिली तर मठ पाण्यात उभा असल्याचे जाणवते.

मग पार्श्वभूमीपासून पुढे येत तुकडे नुसते ठेवून पाहावेत, चिकटवू नयेत. पाण्यासाठी वर्तमानपत्राच्या आडव्या पट्ट्या घेतल्या तर छापील ओळीच लाटांच्या रेघा होतात, आणि पट्ट्या किंचित तिरप्या ठेवल्या की पाणी हलू लागते. अक्षरे लपवण्याचा खटाटोप करू नये. १९१२ साली चित्रकार पाब्लो पिकासोने खुर्चीच्या वेताच्या विणीचे छापील मेणकापड थेट कॅनव्हासवर चिकटवले आणि भोवती दोरखंड लावला. ते कापड तेथे कापड म्हणूनही दिसते आणि चित्राचा भाग म्हणूनही. या दुहेरी दिसण्यातच कोलाजची खरी ताकद आहे, असे मला वाटते.

मठाच्या प्रतिबिंबाकडे विशेष लक्ष द्यावे. पाण्यात गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे उजळ दिसते. म्हणून दगडासाठी निवडलेल्या काळ्या कागदाचाच तुकडा खाली लावू नये. त्याहून एक छटा फिका, राखाडी कागद घ्यावा आणि तो आडव्या पट्ट्यांत तोडून पट्ट्यांमध्ये बारीक फटी ठेवाव्यात. अखंड तुकडा लावला तर पाण्यात मठाऐवजी खड्डा दिसतो.

मांडणी मनासारखी झाली की तिचा फोटो काढून ठेवावा. पंख्याच्या एका झोताने सगळे उडाले तरी त्यावरून पुन्हा लावता येते.

कापणे आणि फाडणे

दगडाच्या सरळ कडांसाठी कटर आणि स्टीलची पट्टी वापरावी. पाते बोथट झाले की कागद चिरण्याऐवजी ओढला जातो, तेव्हा ते वेळीच मोडून नवे टोक काढावे. आकाश आणि पाणी मात्र हातानेच फाडावे. एका दिशेने कागद सरळ फाटतो आणि आडव्या दिशेने वेडावाकडा, कारण कागदातील तंतू एका दिशेने झोपलेले असतात. कोपऱ्यावर फाडून ही दिशा आधी ओळखावी. मासिकाचा गुळगुळीत कागद फाडताना दोन तुकड्यांपैकी एकाला पांढरी कड येते, आणि ओढण्याची दिशा बदलली की ती दुसऱ्या तुकड्याला येते. मठाच्या पायाशी, जेथे दगड पाण्याला टेकतो तेथे, ही बारीक पांढरी कड मुद्दाम ठेवावी. लकाकणाऱ्या पाण्याची रेघ रंगाशिवाय मिळते.

चिकटवणे

फेविकॉल थोडे पाणी घालून सायीइतके पातळ करावे आणि सपाट ब्रशने तुकड्याच्या पाठीवर कडेपर्यंत लावावे. घरची खळही चालते. एक वाटी मैदा चार ते पाच वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवावा. बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने मुले काम करणार असतील तर अजिबात घालू नये. मग खळ त्या दिवसापुरतीच करावी.

तुकडा ठेवल्यावर वर बटर पेपर धरून मधून कडेकडे हाताने दाबत हवा बाहेर काढावी. खरी परीक्षा त्यानंतर असते. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. म्हणून बोर्डाच्या पाठीवरही तेवढाच एक साधा कागद चिकटवावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर हे टाळूच नये, कारण जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते आणि काम वरून कोरडे वाटले तरी आत दमट राहते. दोन बटर पेपरांमध्ये ठेवून वर जड पुस्तके ठेवावीत, बटर पेपर दिवसाकाठी बदलावेत आणि घाई करून काचेत घालू नये. फ्रेम करतानाही काच आणि कागद यांच्यात माउंटची पट्टी हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटून बुरशी धरते.

संगणकावर

तत्त्वे तीच राहतात. तुकडे ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावेत, मोठे करायचे असतील तर ६०० वर. छपाईसाठी ए-४ आकाराची फाइल २४८० × ३५०८ पिक्सेलची हवी; लहान फाइल नंतर ताणली की कडा विरतात. गिंप आणि क्रिता ही विनामूल्य सॉफ्टवेअर या कामाला पुरतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांपैकी स्वतंत्र थरावर, ठेवावा आणि नको तो भाग खोडरबराने न पुसता मास्कने झाकावा, म्हणजे विचार बदलला तरी तो परत मिळतो. सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडल्या पाहिजेत. येथेच संगणकावरचे बहुतेक कोलाज खोटे वाटू लागते. फाडलेल्या कडा सॉफ्टवेअरमध्ये बनवण्यापेक्षा खरोखर कागद फाडून स्कॅन कराव्यात. लेयरसह मूळ फाइल जपावी आणि पारदर्शक पार्श्वभूमीचा तुकडा पीएनजीमध्ये साठवावा, कारण जेपीजीत पारदर्शकता राहत नाही.

काम विकायचे किंवा प्रदर्शनात मांडायचे असेल तर दुसऱ्याचे छायाचित्र परवानगीशिवाय वापरू नये. भारतात छायाचित्रावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे राहतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्या संग्रहातील हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना खुल्या केल्या आहेत, त्यांतून पोत आणि नक्षी घेता येते. संध्यामठासाठी मात्र त्याचीही गरज नाही: एकदा सकाळी आणि एकदा सूर्य मावळताना रंकाळ्यावर जाऊन दगड, पाणी आणि आकाश यांचे वेगवेगळे, जवळून फोटो आपणच काढावेत.