एप्रिलचा धूर : इंदूरच्या घरात, शेतात आणि चोरलच्या वाटेवर काय करावं

एप्रिलमध्ये रात्री नऊनंतर खिडकीतून करपट वास आला की आपण शेजारच्या कचऱ्यावर संशय घेतो. कधी तो खराही असतो. पण सांवेर, देपालपूर, महूच्या बाजूला तेव्हा गहू निघालेला असतो आणि कम्बाइनने, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्राने, मागे सोडलेलं फूट-सव्वा फुटाचं धसकट, म्हणजे इथली नरवाई, पेटवलेलं असतं. या दिवसांत वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा, त्यामुळे धूर शहराकडेच येतो.

तो रात्रीच का जाणवतो? दुपारी तापलेली जमीन हवा दोन-अडीच किलोमीटर उंचीपर्यंत ढवळत असते, धूर त्यात पातळ होऊन जातो. सूर्य मावळला की पठारावरची जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन तिथेच बसते आणि धूर तिच्यात अडकतो. शब-ए-मालवाचा, म्हणजे माळव्यातल्या नावाजलेल्या रात्रींचा, गारवा आणि धुराचं कोंडणं, दोन्हींचं कारण एकच आहे. आणि आपण नेमक्या त्याच वेळी सगळ्या खिडक्या सताड उघडतो.

म्हणून पहिली सवय बदलायची ती आकडा वाचायची. एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा २४ तासांच्या सरासरीवर काढतात, रात्री दहा ते पहाटे सहाचा फुगवटा त्यात बुडून जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, तासागणिक आलेख उघडा. आपल्याकडचं २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते १५ सुचवलं. छोटी ग्वालटोलीचं केंद्र भर रहदारीत आहे, त्यावरून राऊ किंवा बिचोलीची हवा ठरवू नका. पीएम १० शीही, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांशीही, तुलना करा: पीएम २.५ त्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर धुराचा संशय घ्या, पाव-तिसरा हिस्साच असेल तर ती बहुधा उन्हाळी धूळ. आगी कुठे लागल्यात ते नासाच्या फर्म्स नकाशावर दिसतं. त्यातला व्हीआयआयआरएस सेन्सर ३७५ मीटरच्या चौकोनातली उष्णता टिपतो, पण उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारासच वरून जातात. संध्याकाळी सहाला पेटवून नऊला विझलेलं शेत त्यात सापडत नाही. नकाशावर ठिपका नाही एवढ्यावरून आग नव्हती असं समजू नये.

घरात सगळ्यात मोठी चूक कूलरची होते. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, आणि खस असो की हनीकोंब पॅड, त्यात जाडी धूळ अडते, धुराचे बारीक कण सरळ आत येतात. वर तो चालावा म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. धुराच्या रात्री कूलर बंद, पंखा सुरू. खिडक्या संध्याकाळी सातच्या आत लावा, सरकत्या खिडकीच्या पट्टीत आणि दाराखालच्या फटीत ओला पंचा दाबा. सकाळी नऊ-दहानंतर, आलेख खाली आला की, घर मोकळं करा. भर दुपारी नको. तेव्हा ऊन तर असतंच, शिवाय ओझोनही वाढलेला असतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे चालेल, पण त्याच्या जाळीने धूर गाळला जात नाही. विंडो एसीला बाहेरची हवा घेणारी खिट्टी असते, ती बंद आहे ना ते बघा.

एक सावधगिरी मात्र पाळाच: गॅस गीझर असलेली न्हाणी आणि स्वयंपाकघर कधीही असं बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्युरिफायर घेताना जाहिरातीतल्या चौरस फुटांकडे बघू नका, सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, बघा. खोली १२ बाय १२, उंची १० फूट, म्हणजे १४४० घनफूट, साधारण ४१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ताशी २०५ घनमीटर लागतात. हा आकडा मशीनच्या सगळ्यात मोठ्या वेगाचा असतो. झोपताना आवाज नको म्हणून वेग कमी केला की निम्म्याहूनही खाली येतो. म्हणून एक माप मोठंच घ्या. आयन किंवा ओझोन सोडणारं मशीन टाळा. बंद खोलीत उदबत्ती, धूप किंवा डासांची कॉईल लावली तर मशीनचा काही उपयोग राहत नाही. झाडूऐवजी ओलं फडकं वापरा.

बाहेर जायचं तर एन-९५. ओला रुमाल घशाला बरा वाटतो इतकंच, बारीक कण त्यातून जातात. मास्क घालून दोन्ही हातांनी झाका आणि जोरात श्वास सोडा. नाकाशी वारा लागला तर तार पुन्हा दाबा. दाढीवर तो नीट बसत नाही.

आता शेत. पंजाबात भात काढून गहू पेरायला कसेबसे पंधरा-वीस दिवस मिळतात, म्हणून तिथली घाई समजू शकते. माळव्यात गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि सोयाबीन जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलं जातं. दोन महिने हातात असताना काडी लावायची गरज काय? घाई असते ती फक्त उन्हाळी मूग घेणाऱ्यांना. त्यांनी हॅप्पी सीडर किंवा सुपर सीडर भाड्याने घेऊन धसकटातच पेरावं. सुपर सीडरला पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, छोट्या ट्रॅक्टरवर तो बसतो, पण ओढला जात नाही.

बाकीच्यांसाठी क्रम असा. कम्बाइनवाल्याशी कापणीची उंची आधीच ठरवा. तो दगडांचं कारण सांगून वर कापतो. म्हणून बांधाकडचे दगड आधी वेचून ठेवा. पाठोपाठ स्ट्रॉ रीपर, म्हणजे धसकट कापून त्याचा भुसा करणारं यंत्र, फिरवून भुसा ट्रॉलीत भरा. भुशाचे पैसे होतात. उरलेल्या दोन-तीन इंचांवर लगेच रोटाव्हेटर घालू नका. एप्रिलमधली काळी माती विटेसारखी असते, पाती झिजतात आणि डिझेल वाया जातं. खोल नांगरट करून ढेकळं उन्हात तापू द्या, पहिल्या वळवानंतर वखर फिरवा. पुसा डीकंपोझर या काडी कुजवणाऱ्या द्रावणावर उन्हाळ्यात भिस्त ठेवू नका. त्यात बुरशी असते, तिला ओल लागते. कोरड्या काडीवर फवारलेलं द्रावण बुरशी रुजायच्या आतच वाळतं.

जाळल्यावर शेत स्वच्छ दिसतं, ही आपल्या डोळ्याची फसवणूक. काडीतला नत्र आणि गंधक वायू होऊन उडतात, पालाश राखेत राहतो आणि लूच्या पहिल्या झोतात शेजाऱ्याच्या शेतात जातो. बांधावरचा कडुलिंब बुंध्याशी भाजतो, तो वेगळाच. दंडही आहे: दोन एकरांपर्यंत २५००, पाच एकरांपर्यंत ५०००, त्यावर १५,००० रुपये.

उभ्या गव्हाची आग ही आणखी वेगळी गोष्ट. ती लागते झोळ पडलेल्या तारांनी, ट्रान्सफॉर्मरच्या ठिणगीने, नाहीतर कम्बाइनच्या इंजिनाभोवती साचलेल्या भुशाने. ट्रान्सफॉर्मरखालचा दहा बाय दहा फुटांचा गहू आधी हाताने काढा. मशीन शेतात असेपर्यंत पाण्याचा टँकर आणि नांगर जोडलेला ट्रॅक्टर बांधावर उभा हवा. आग लागलीच तर ११२ लावा आणि वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला, ज्वाळांपासून बऱ्याच अंतरावर, पंधरा फुटांचा पट्टा नांगरा. झोडपायला जायचं ते जळून काळ्या झालेल्या बाजूने. ज्वाळेच्या तोंडासमोर कधीही नाही.

चोरल, मानपूरच्या सागवानी जंगलात आग उभी झाडं क्वचितच जाळते. ती खालच्या पाचोळ्यातून सरपटते. वीज पडून लागलेली आग इथे विरळाच, बहुतेक वेळा हात माणसाचाच. मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. त्याऐवजी जाळी किंवा जुनी लुगडी पसरली की फूल राखेविना मिळतं आणि भावही बरा येतो. पाऊस कमी झालेल्या वर्षी नाले लवकर आटतात, पाचोळा फेब्रुवारीतच कुरकुरीत होतो आणि एका विडीने डोंगर पेटतो. दरवर्षी आग फिरली की सागाचं रोप बुडातून पुन्हा फुटतं, पण नाजूक जातींची रोपं संपतात; मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी, म्हणजे लँटाना, माजते, आणि पुढच्या आगीला फांद्यांपर्यंत चढायला तीच शिडी होते.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. त्यात जानापाव किंवा पातालपाणीच्या बाजूला दाल-बाफल्यांचा बेत करूच नये. तो पावसाळ्यातच शोभतो. तरी कुणी कंडे, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, पेटवलेच, तर विझवायची पद्धत माहीत हवी. वरून राख पांढरी दिसते, आत कंडा रात्रभर धुमसत राहतो. एक बादली पाणी ओता, काठीने ढवळा, प्रत्येक कंडा फोडा, पुन्हा पाणी. माती लोटून झाकू नका, आतली धग त्याने टिकते. मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर आणखी एक बादली.